घरपट्टी भरली म्हणजे घर अधिकृत झालं का?

मे २०२५मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखलीत इंद्रायणीच्या काठावरचे ३६ बंगले पाडले. राष्ट्रीय हरित लवादाने आदल्या वर्षी तसा आदेश दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. बंगले नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत होते, म्हणजे जिथे निवासी बांधकामाला परवानगी मिळूच शकत नाही अशा पट्ट्यात. आयुष्याची कमाई घालून बांधलेली घरं होती ती. जागा पैसे मोजून घेतलेल्या, महापालिकेला कर भरलेला, घरात वीज आलेली. मग ही घरं बेकायदा कशी, हा तिथल्या रहिवाशांचा सवाल होता. तो बातम्यांतून वाचताना अनेकांनी मनातल्या मनात आपल्याही कागदांची फाइल उघडून पाहिली असेल.

त्या फाइलीत सहसा काय असतं? खरेदीखत, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल. यातला एकही कागद ‘इथे घर बांधा’ असं म्हणत नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो तेव्हा मुद्रांक शुल्क भरलं का, सह्या करणारी माणसं तीच आहेत का, हे पाहतो. त्या जमिनीवर काय बांधता येईल याच्याशी त्याचा संबंध नसतो. सातबारा जमिनीच्या कब्जाची आणि पिकाची नोंद सांगतो. वीजबिल वीज वापरल्याचं.

घरपट्टीबाबत तर कायद्यानेच स्पष्ट लिहून ठेवलं आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ प्रमाणे बेकायदा बांधकामाला घरपट्टीच्या दुप्पट शास्ती लावता येते, आणि ही शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजायचं नाही. पिंपरी-चिंचवडकरांना हा ‘शास्तीकर’ चांगलाच ठाऊक आहे. कित्येक वर्षं तो तिथल्या निवडणुकांचा मुद्दा होता, आणि २०२३मध्ये सरकारने तो माफ केला. माफ झाला तो कर. बांधकामाचा बेकायदेशीरपणा जिथल्या तिथे राहिला. थोडक्यात, पालिका तुमच्याकडून कर घेते म्हणजे तिने तुमचं घर मान्य केलं, हा समज मनातून काढून टाकलेला बरा.

परवानगी येते ती महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यातून. सगळे त्याला ‘एमआरटीपी’ म्हणतात. कलम ४४ खाली अर्ज करायचा, कलम ४५ खाली मंजुरी किंवा नकार मिळतो. या कायद्यात ‘विकास’ म्हणजे फक्त इमारत उभारणं नव्हे. जमिनीचा किंवा इमारतीचा वापर बदलणं हाही विकासच. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान काढलं तरी प्रश्न उभा राहतो. आणि परवानगी एका कागदावर संपत नाही. जमिनीपासून सुरू होऊन शेवटच्या भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत जाणारी ती साखळी आहे. बहुतेकांची ती मध्येच कुठेतरी तुटलेली असते.

पहिली कडी जमिनीची. जागा घेण्याआधी नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढावा. भूखंड निवासी विभागात आहे का, त्यावर बागेचं किंवा शाळेचं आरक्षण आहे का, विकास आराखड्यातला रस्ता त्याच्या पोटातून जातो का, हे त्यावरून कळतं. खर्च किरकोळ असतो. लाखो रुपयांचा व्यवहार करणारी माणसं नेमका हाच कागद एजंटच्या तोंडी शब्दावर सोडतात, हे मला आजवर उमगलेलं नाही. नदीकाठी असाल तर पूररेषा पाहा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींसह. सांगली-कोल्हापूरकरांनी २०१९ सालच्या पुरात जे पाहिलं, त्यानंतर या रेषा कागदावरच्या राहिलेल्या नाहीत.

शेतजमीन असेल तर बिनशेतीचा प्रश्न येतो. जमीन महसूल संहितेत दुरुस्त्या झाल्यापासून, अंतिम विकास आराखड्यात निवासी असलेल्या किंवा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला पूर्वीसारखी स्वतंत्र एनए परवानगी काढावी लागत नाही. रूपांतराची रक्कम मात्र सरकारजमा करावी लागते. या भागातले नियम अलीकडे सारखे बदलत आहेत, तेव्हा शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केलं यावर विसंबू नका, तहसील कार्यालयात ताजी स्थिती विचारा. गुंठ्यावर घेतलेल्या जागेची गोष्ट वेगळी. शेतजमिनीचे तुकडे पाडून, मंजूर लेआउट न करता विकलेले हे भूखंड. त्यांच्यासाठी २००१चा गुंठेवारी कायदा आहे, आणि २०२१च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२०पर्यंतची गुंठेवारी त्याखाली नियमित करता येते. पण त्यालाही पूररेषा आणि आरक्षण आडवं येतंच.

अर्ज कुठे करायचा, हे गावावर अवलंबून. मुंबई महापालिकेचे नियम वेगळे. ती २०३४च्या विकास आराखड्याबरोबर आलेल्या नियमावलीने चालते. बाकी जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला डिसेंबर २०२०पासून एकच एकत्रित नियमावली लागू आहे. आर्किटेक्टांच्या कार्यालयात तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. त्याआधी पुण्याचे नियम एक, नाशिकचे दुसरे, नगरपालिकांचे तिसरे. महाबळेश्वर, माथेरानसारख्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठिकाणांना आणि एमआयडीसीच्या हद्दीला मात्र ती लागू नाही. कोकण किनाऱ्यावर भरतीरेषेपासूनच्या अंतराचे सीआरझेडचे निर्बंध आणखी वेगळे. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीकडे जावं लागतं, आणि ‘ग्रामसेवकाने हो म्हटलं’ याला परवानगी म्हणत नाहीत. लेखी मंजुरी आणि मंजूर नकाशा हातात असावा लागतो.

आता ज्या नियमावर सगळ्यात जास्त भांडणं होतात तो घ्या: सामासिक अंतर. घराच्या पुढे, मागे, बाजूला मोकळी सोडायची जागा. ‘जागा माझी, पैसे माझे, मग तीन-चार फूट सोडायची कोणासाठी?’ याचं उत्तर सव्वाशे वर्षं जुनं आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले आणि पाहता पाहता शहर ओस पडू लागलं. चाळी एकमेकींना इतक्या खेटून होत्या की तळमजल्यावरच्या खोलीत भर दुपारीही अंधार असे. १८९८मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तो याच पार्श्वभूमीवर. पुढे या ट्रस्टचे अध्यक्ष झालेले जे. पी. ऑर यांनी घरातल्या उजेड-वाऱ्याचा प्रश्न भूमितीने मांडला. खालच्या खोलीला उजेड मिळायचा तर समोरच्या इमारतीने साडेत्रेसष्ट अंशांच्या तिरक्या रेषेच्या वर डोकं काढता कामा नये, असा तो नियम. हिशेब सोपा होतो: मध्ये दहा फूट मोकळी जागा असेल तर इमारत जास्तीत जास्त वीस फूट उंच. आजच्या नियमावलीत कोष्टकं बदलली आहेत, पण इमारत जितकी उंच तितकं बाजूचं अंतर जास्त, हे तत्त्व तेच. तुम्ही सोडलेली जागा शेजाऱ्याच्या खिडकीसाठी असते आणि त्याने सोडलेली तुमच्या. दोघांनीही भिंती हद्दीवर आणल्या की दोघांचीही घरं कोंदट होतात, आणि आग लागली तर ती एका घरात थांबत नाही. राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर हवी, हा नियमही त्याच कुळातला.

चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, समजायला तितका कठीण नाही जितका तो करून ठेवला जातो. दीड गुंठ्याचा, म्हणजे साधारण १५० चौरस मीटरचा भूखंड घेऊ. दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय १.१ असेल तर १६५ चौरस मीटर, सुमारे १,७७५ चौरस फूट बांधकाम होतं. पूर्वी बाल्कनी, जिना असे भाग मोजणीतून वगळले जात, आणि मग ‘वगळलेली’ बाल्कनी हळूच हॉलमध्ये सामील होई. नव्या नियमावलीने ते सगळं मोजणीत धरलं आणि त्याबदल्यात निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र अधिमूल्य भरून घ्यायची सोय केली. आमच्या उदाहरणात ते आणखी ९९ चौरस मीटर. मला हा बदल प्रामाणिक वाटतो. तरीही, इतकं क्षेत्र प्रत्यक्षात बसेलच असं नाही. सामासिक अंतरं सोडल्यावर लहान भूखंडावर उरतं किती, हे आधी पाहावं.

याच नियमावलीतल्या एका तरतुदीने मोठा गैरसमज पसरवला. २०२० साली बातम्या आल्या: १,५०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायला परवानगीची गरज नाही! व्हॉट्सअॅपवर ते अजून फिरतं. खरी तरतूद अशी: १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला छाननी होऊन मंजुरी येईपर्यंत थांबावं लागत नाही. नकाशा नियमांत बसतो असं आर्किटेक्टने किंवा परवानाधारक इंजिनिअरने प्रमाणित करायचं, आवश्यक कागद जोडायचे, शुल्क भरायचं आणि पोच घ्यायची. ती पोच म्हणजेच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडाला दहा दिवसांत परवानगी द्यायची. म्हणजे नियम सगळेच्या सगळे लागू, मालकी हक्काचा कागद हवा, लेआउट मंजूर हवा, अंतरं सोडलेली हवीत. फक्त थांबायचं नाही. पोच न घेता पाया खणला तर तो बेकायदाच. आणि जबाबदारी आता सही करणाऱ्या तज्ज्ञावर जास्त आली असल्याने, स्वस्तात सही मारून देणारा माणूस शोधू नये.

शुल्कांची यादी लांबते: छाननी शुल्क, विकास शुल्क, बांधकाम खर्चावर एक टक्का कामगार कल्याण उपकर, कुठे अधिमूल्य. प्रत्येकाची पावती जपा.

मंजुरीबरोबर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र येतं. त्याची मुदत एक वर्षाची, आणि ती वर्षावर्षाने वाढवून घेता येते. एकूण चार वर्षांपलीकडे नाही. जोत्यापर्यंत काम आलं की जोते तपासणी. हा टप्पा लोकांना नसती कटकट वाटतो, पण घर चुकून दोन फूट शेजाऱ्याकडे सरकलं असेल तर ते इथेच कळतं आणि इथेच दुरुस्त होतं. स्लॅब पडल्यावर घर सरकवता येत नाही. म्हणून जागेवर पायाच्या रेषा आखण्याआधी (लाइनआउट) भूमी अभिलेख खात्याकडून हद्दीची मोजणी करून घ्यावी. कंपाउंड जुनं आहे म्हणजे हद्द बरोबर आहे असं नसतं. काम चालू असताना आराखडा बदलावासा वाटला, आणि तो वाटतोच, तर सुधारित नकाशा मंजूर करून घ्यायचा. घर पूर्ण झाल्यावर सगळं एकदम दाखवू, हा विचार महागात पडतो.

जुन्या घरात किंवा फ्लॅटमध्ये काम काढलं की परवानगी लागते का? रंग, गिलावा, फरशा, नळ आणि वायरिंगची दुरुस्ती, त्याच सामानाने छपराची शाकारणी याला लागत नाही. मुंबईच्या १८८८च्या महापालिका कायद्यात कलम ३४२ खाली अशी किरकोळ दुरुस्ती वेगळी काढली आहे, आणि तिथेच लक्ष्मणरेषाही आखली आहे: घराची लांबी-रुंदी-उंची बदलली, भार पेलणारी भिंत किंवा खांब काढला अथवा बदलला, जोतं किंवा जमीन खाली नेली, पोटमाळा घातला वा वाढवला, कौलं काढून स्लॅब टाकला, तर परवानगी हवी. सोसायटीची एनओसी घेतली की झालं असं अनेक फ्लॅटधारकांना वाटतं. सोसायटीची संमती वेगळी आणि महापालिकेची परवानगी वेगळी.

हा भाग कायद्यापेक्षा वजनाचा आहे, शब्दशः. राहत्या घराचा स्लॅब भारतीय मानकांप्रमाणे माणसं आणि सामानासाठी दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून काढलेला असतो. तुम्ही हॉलमध्ये साडेचार इंची विटांची एक भिंत उभी केलीत, तीन मीटर लांब आणि तीन मीटर उंच, तर नुसत्या विटांचंच वजन दोन टनांच्या घरात जातं, आणि ते एका रेषेत स्लॅबवर बसतं. खाली तुळई नसेल तर स्लॅबने ते का पेलावं? तीच भिंत हलक्या एएसी ब्लॉकची केली तर वजन साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतं. गच्चीवरच्या बागेचंही तसंच. वापरातल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला १५० किलो धरलेले असतात. फूटभर ओली माती ५०० किलोंच्या वर जाते. चार कुंड्या ठेवायला हरकत नाही, पण वाफे करायचे तर आधी आरसीसी इंजिनिअरला विचारा.

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावला गेल्याचा आरोप झाला. आरसीसी इमारतीत विटांच्या भिंती बहुधा पडद्यासारख्या असतात आणि भार खांब-तुळयांवर असतो. जुन्या वाड्यांत आणि चाळींत उलट, जाड भिंतीच भार वाहतात, तिथे दार मोठं करण्यासाठी भिंत फोडणं म्हणजे वरच्या मजल्याचा आधार कापणं. कुठली भिंत कसली, हे ठोकून पाहून मिस्त्रीला सांगता येत नाही. नळाची लाइन लपवायला खांबाला खाच मारणं तर कोणत्याच इमारतीत नको. ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्यांनी मालकावर आणि सोसायटीवर बंधनकारक केलं आहे. मोठं काम काढण्याआधी तो अहवाल मागून वाचावा. बाथरूमची जागा बदलतानाही खाली काय आहे ते पाहा. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार खाली बाथरूम, मोरी किंवा गच्ची नसेल तर वरची जमीन पूर्ण जलरोधक असल्याशिवाय तिथे बाथरूम वा संडास चालत नाही. सोसायट्यांमधली निम्मी भांडणं ओल आलेल्या छतापासूनच सुरू होतात, असं कोणत्याही सेक्रेटरीला विचारा.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, नियम ठीक, पण कार्यालयात खेटे किती घालायचे? तक्रार खरी आहे. पूर्ण अर्ज देऊनही साठ दिवसांत निर्णय आला नाही तर एमआरटीपी कायद्याप्रमाणे परवानगी मिळाली असं मानता येतं, मात्र बांधकाम नियमांत बसणारं असेल तरच. अर्ज आता ऑनलाइन होतात, त्रुटी स्क्रीनवर दिसतात. तरीही फाइल ‘पुढे सरकवण्याचे’ दर संपलेत असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. याच कायद्याची शिक्षाही विचित्र आहे. कलम ५२ खाली विनापरवाना बांधकामाला एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दोन ते पाच हजार रुपये दंड. पाच हजारांत आज सिमेंटच्या डझनभर गोण्या येतात. एवढ्या दंडाला कोणता बिल्डर भिणार? खरी भीती कलम ५३च्या नोटिशीची, कारण ती पाडण्याची असते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये सांगितलं आहे की, पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस आणि बाजू मांडायची संधी द्यावी लागेल. पण रस्ता, नदी, सार्वजनिक जागा यांवरच्या बांधकामांना हे संरक्षण नाही.

शेवटची कडी भोगवटा प्रमाणपत्राची, आणि सगळ्यात जास्त ढिलाई इथेच. घर झालं, वास्तुशांत झाली, आता कशाला? वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडची कहाणी यासाठी पुन्हा वाचावी. १९८०च्या दशकात पाच मजल्यांच्या मंजुरीवर एक इमारत वीस मजल्यांपर्यंत गेली. भोगवटा प्रमाणपत्र नसताना कुटुंबं दोन दशकांहून अधिक काळ तिथे राहिली. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले पाडायचा निर्णय कायम केला, आणि जून २०१४मध्ये त्या घरांची वीज, पाणी, गॅस तोडला गेला. १७ डिसेंबर २०२४च्या मेरठच्या एका प्रकरणातल्या निकालात तर न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले: भोगवटा किंवा पूर्णत्वाचं प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय वीज-पाण्याची जोडणी देऊ नये, बँकांनीही ते तपासूनच कर्ज द्यावं. म्हणजे आज आळसाने सोडलेला हा कागद उद्या घर विकताना, तारण ठेवताना किंवा पुनर्विकासाला देताना दारात येऊन उभा राहणार.

तुमच्या जुन्या घराचा मंजूर नकाशा हरवला असेल, किंवा फ्लॅट घेताना तो कधी मिळालाच नसेल, तर पालिकेच्या बांधकाम विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकाराखाली मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र या तिन्हींच्या प्रती मागा. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.